माळावर फिरायचं, पण तंबू माळावर नाही

डिसेंबरात घोडी घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाकडे दोन रात्री जायचं ठरल्यापासून प्रत्येक जण एकच विचारतोय, "तंबू कुठं ठोकायचा?" सगळ्यांना इथंच सांगते. वनखात्याच्या माळावर नाही. गावच्या शिवारात, कुणाच्या तरी रानात, मालकाला विचारून.

त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "सरकारी जमीन म्हणजे आपलीच की, आणि मोकळीच तर पडलीय." या 'मोकळी'वरच माझा आक्षेप आहे.

मे महिन्यात वाटेची पाहणी करायला म्हणून मी एकटीच गेले होते. सकाळचे सात वाजले असतील. चांदणी, म्हणजे माझी घोडी, चालता चालता थबकली आणि कान टवकारून उभी राहिली. डोक्यावर टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. मी टाच मारणार, तेवढ्यात मेंढरामागचे एक आजोबा लांबूनच ओरडले, "ताई, घोडी म्होरं नगा घालू! पायापाशी बघा!" खाली वाकले तर पुढच्या खुरापासून वीतभर अंतरावर चार अंडी. टोकं आत, मातकट रंगावर काळे ठिपके. आजूबाजूच्या खड्यांत अशी मिसळलेली की नजर हलवली की पुन्हा सापडेनात. आजोबा म्हणाले, "तिला घर न्हाई, भुईच घर." मी खाली उतरले, लगाम धरून घोडी उलट्या पावली मागे घेतली. हात थरथरत होते.

या माळावर कितीतरी पाखरं अशीच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोक तर एका विणीला सहसा एकच अंडं घालतो, तेही जमिनीवर. त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. सुरुवातीला जवळपास 8,500 चौरस किलोमीटर, पुढे हद्द घटवून सव्वाबाराशेच्या आसपास. पण ही हद्द सलग नाही. मध्येच वनाचा तुकडा, मध्येच खाजगी ज्वारी, मध्येच गाव. म्हणून फोनवरच्या नकाशावर रेघ ओढून निघायचं नाही. वनरक्षकाला सोबत घेऊन वाट ठरवायची आणि लेखी परवानगी खिशात ठेवायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात प्रवेशालाच परवाना लागतो. मुक्काम तर लांबची गोष्ट.

आमचं घोडं पेंड खातंय ते इथंच. आमचा अर्ज सहा आठवडे टेबलावर पडून राहिला, कारण छापील नमुन्यात रकाना 'वाहनाचा प्रकार' असा, आणि घोडी वाहनात बसेना. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला 2024 पासून वनखात्याची गवताळ सफारी सुरू आहे. मग आपल्याकडे घोडेस्वारांसाठी कडेकडेची एक गाडीवाट आखून द्यायला काय हरकत आहे? वाटाड्या म्हणून इथल्याच धनगरांना घ्या, त्यांना रोजगार द्या. घोड्यावर बिऱ्हाड लादून मुलूख फिरायची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्या भीमथडी घोड्याचं आज सगळ्यांना कौतुक वाटतंय, तो त्यांनी सांभाळला म्हणून टिकला.

आता पाणी. एक घोडं दिवसाला तीसेक लिटर सहज पितं, उन्हात चाललं की जास्त. आमची चार घोडी, म्हणजे रोजचे सव्वाशे-दीडशे लिटर. वनखात्यानं काळविटांसाठी आणि लांडग्यांसाठी बांधलेल्या पाणवठ्यावर ती सोडली तर रात्री येणाऱ्या जनावरानं काय चाटायचं? म्हणून मुक्काम विहीर किंवा बोअर असलेल्या रानातच, आणि मालकाला पाण्याचे पैसे द्यायचे.

चारा आपला आपण न्यायचा. वाळका कडबा आणि तोबऱ्यात चंदी, म्हणजे घोड्याचं दाणावैरण. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात घोडं अजिबात सोडू नका, विषबाधा होते. लीद गोळा करून पोत्यात भरायची. कडब्यातून लिदीत आलेलं गाजरगवताचं बी माळावर सांडलं तर पवन्या, मारवेल या इथल्या गवतांच्या जागी काय उगवेल ते सांगायला नको.

आणि चूल नाही, शेकोटी नाही. दिवाळीनंतर कुसळी गवत इतकं वाळतं की एक ठिणगी पुरे. राखीव वनात विस्तव पेटवणं 1927 च्या कायद्यानं गुन्हाच आहे, पण रानात उतरलो तरी मला शेकोटी नको. आपल्या सोलापूरकरांना चूल लागतेच कशाला? कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. दोन दिवस आरामात निघतात. थंडीला चादरी आहेतच.

दिवसाला वीस किलोमीटरच्या वर जायचं नाही. ओढ्याच्या काठी बिळं दिसली तर लांबून वळायचं, त्या दिवसांत लांडगीण पिलं घालते. भरधाव सोडायची हौस गाडीवाटेवर भागवा, गवतात नाही. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी या वेळी येऊ नये, मला राग येणार नाही.

वडाळ्याकडच्या एका शेतकरीदादांनी बांधाकडेची जागा द्यायचं कबूल केलंय, विहिरीला डिसेंबरात पाणी असतं म्हणाले. नालबंद पुढच्या बुधवारी येतोय. चौघांनीही त्याआधी घोड्यांची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि धनुर्वाताची लस उरकून दाखला मला पाठवा, तो अर्जाला जोडायचाय.