बादलीत मूठभर मीठ: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

एप्सम सॉल्टच्या, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट या क्षाराच्या, आंघोळीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. मॅग्नेशियम कातडीतून शरीरात मुरतं हे थोतांड आहे. बादलीत मूठभर मीठ टाकून काही साधत नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच असतं आणि त्याने त्वचा कोरडी पडते, मग तेच आणखी घातल्यावर ती सुधारेल कशी? आणि मधुमेह असलेल्या तुमच्या आईंनी लेख वाचून रोज गरम पाण्यात पाय बुडवायला सुरुवात केली, पण लेखात सावधगिरीची एक ओळही नव्हती. शेवटी, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांची एवढी भलामण कशाच्या जोरावर केली, असंही तुम्ही विचारलं आहे.

आधी आईंबद्दल लिहितो, बाकीचं थांबू शकतं. त्यांचं पाय भिजवणं आजच बंद करा, मीठ घालून असो वा न घालता. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि ते त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. चटका बसेल इतकं पाणी त्यांना कोमट वाटतं. गीझरमधून 60 अंशांचं पाणी आलं तर साधारण 5 सेकंदांत कातडी खोलवर भाजते. 49 अंशांचं पाणी कुणाला फारसं धोक्याचं वाटत नाही, पण तेही दहाएक मिनिटांत भाजू शकतं. शिवाय बराच वेळ भिजलेली कातडी वाळल्यावर आणखी कोरडी होते, टाचा फुटतात, भेगेतून जंतू आत शिरतात आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जखम लवकर भरत नाही. कातडीवर राहिलेलं मीठ हा कोरडेपणा वाढवतं. त्यांच्यासाठी रीत अगदी साधी आहे. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटांत पाय धुवायचे, पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासायचं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. टाचेला आणि तळव्याला क्रीम लावायचं, बेचक्यांत लावायचं नाही. रोज रात्री तळवे बघायचे, वाकणं जमत नसेल तर आरसा खाली धरून. फोड, लालसर चट्टा किंवा ओली भेग दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

ही सूचना लेखात नव्हती ही माझी चूक आहे, आणि ती लहान नाही. आता ती लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आहे. सोबत हेही घातलं आहे की गरोदर बायकांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि रक्तदाब एकदम खाली जाणाऱ्यांनी गरम टबात बसण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि किडनीचा आजार असेल तर एप्सम सॉल्ट पोटात अजिबात घेऊ नये.

मॅग्नेशियमबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. अंघोळीतून ते रक्तात पुरेसं जातं, असं भक्कमपणे दाखवणारा पुरावा नाही. कातडीचा वरचा थर पाण्यात विरघळलेल्या क्षारांना आत येऊ न देण्यासाठीच असतो. एप्सम सॉल्टच्या जाहिरातींत बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या ज्या प्रयोगाचा दाखला येतो, त्यात 19 जण होते आणि तो तज्ज्ञांच्या तपासणीतून जाऊन कुठल्या नियतकालिकात छापून आलेला नाही. 2017 मध्ये याच विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला, त्याचा निष्कर्षही कातडीतून मॅग्नेशियम मिळण्याला शास्त्रीय आधार नाही असाच आहे. मुळात या मिठाचं नाव झालं ते पोटामुळे. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्याने पोट साफ होतं म्हणून सतराव्या शतकात लोक तिथे ते प्यायला जात. नेहेमाया ग्रू यांनी 1695 मध्ये या क्षारावर लिहिलं तेही रेचक म्हणूनच. ती कीर्ती पुढे टबाला चिकटली. 'मॅग्नेशियमची कमतरता भरून निघते' आणि 'विषद्रव्यं बाहेर पडतात' ही दोन्ही वाक्यं मी लेखातून काढली आहेत. 'विषद्रव्यं निघाली' म्हणत पायाखालचं पाणी तपकिरी करून दाखवणारी यंत्रं मिळतात, त्यांतला रंगही बहुतेक गंजणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचाच असतो. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून ते काम झटपट होतं.

मग मीठ अगदीच वाया का? इथे मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही, कारण सगळं मात्रेवर आहे. जर्मनीत कील इथल्या संशोधकांनी 2005 मध्ये कोरड्या, अ‍ॅटोपिक (खाज आणि चट्टे उठणाऱ्या संवेदनशील) त्वचेच्या लोकांना एक हात मृत समुद्राचं मीठ 5 टक्के विरघळवलेल्या पाण्यात 15 मिनिटं बुडवायला लावला आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात. खारट पाण्यातल्या हाताची त्वचा ओलावा जास्त धरू लागली, खरखर आणि लाली कमी झाली. यातले दोन आकडे लक्षात ठेवा: 5 टक्के आणि 15 मिनिटं. आता आपली बादली घ्या. 20 लिटर पाण्यात मूठभर, म्हणजे साधारण 50 ग्रॅम मीठ टाकलं तर ते पाव टक्का होतं. 5 टक्क्यांसाठी पूर्ण किलोभर लागेल. आणि तेवढं टाकलं तरी तांब्याने ओतलेलं पाणी अंगावरून दोन सेकंदांत ओघळून जातं. बाथटबमध्येही तेच. 150 लिटरच्या टबात अर्धा किलो घातलं तर जेमतेम 0.33 टक्के, आणि 5 टक्क्यांसाठी साडेसात किलो. म्हणजे बादलीबद्दल तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक.

त्या प्रयोगातलं मीठ मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइडचं होतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्या प्रयोगाचे परिणाम जसेच्या तसे एप्सम सॉल्टला लागू पडतील असं मी म्हणणार नाही. म्हणून कोरड्या त्वचेसाठीच करायचं असेल तर मृत समुद्राचं मीठ किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचे फ्लेक्स घ्यावेत. सैंधव आणि खडे मीठ ही दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंग गुलाबी असला म्हणून फार फरक पडत नाही.

आपल्या घरात जमेल असा प्रकार म्हणजे पायांचा टब. 5 लिटर पाणी, 250 ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून. टब प्लॅस्टिकचा घ्या. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं तर लवकरच काळवंडतं. पाण्याचं तापमान 40 अंश हवं. नळाचं पाणी 25 अंशांचं असेल तर 4 लिटर नळाचं आणि 1 लिटर उकळतं मिसळलं की बरोबर 40 होतं. थंडीत नळाचं पाणी 18 वर आलं की एक भाग उकळत्याला पावणेतीन भाग थंड घ्यावं. आधी थंड पाणी, मग उकळतं, मग मीठ, आणि ढवळून कोपर बुडवून पाहिल्यावरच पाय. पाणी निवलं तर पाय बाहेर काढूनच वरून गरम ओता. 15 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. नंतर साध्या पाण्याने पाय विसळा, टॉवेलने टिपा, आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. या शेवटच्या पायऱ्या गाळणाऱ्यांचीच 'मिठाने पाय आणखी फुटले' अशी तक्रार असते, आणि ती खरी असते: कातडीवर राहिलेलं मीठ वाळताना तिला ताणतं. भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत थांबा, नुसतं झोंबेल. उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका, 5 टक्के मीठ कुठल्याही रोपाला सोसत नाही. आणि मीठ औषधाच्या दुकानातून घ्या. कृषी सेवा केंद्रात कपाशीच्या लाल्यासाठी (पानं लाल पडण्यावर) मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्टच, पण त्याची तपासणी खत म्हणून झालेली असते.

झोप आणि अंग मोकळं होणं याचं श्रेय मी मिठाला दिलं होतं, ते पाण्याच्या उष्णतेचं आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात 40 ते 42.5 अंशांच्या पाण्याने झोपायच्या एक-दोन तास आधी 10 मिनिटं शेकलं तरी झोप लवकर लागते असं दिसलं. हातापायांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर झोपेसाठी लागतं तसं निवतं. अगदी अंथरुणात शिरायच्या वेळी केलं तर निवायला वेळच मिळत नाही.

जड पाण्याचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. जड पाण्यात खरा त्रास देतो तो साबण. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका होतो. म्हणूनच फेस येत नाही, बादलीला पांढरी कड धरते, आणि तोच थर अंगावरही बसतो. शाम्पू-फेसवॉशमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेटही जड पाण्यात त्वचेवर जास्त राहून जातं आणि ती चुरचुरते, हे इंग्लंडमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा मिठाच्या पाण्यात साबण कधीच वापरायचा नाही. एप्सम सॉल्टने नळाचं मऊ पाणीही जड होतं. साबण आधी लावून पूर्ण धुवायचा, मग पाय टबात. लेखातल्या फोटोत टबाशेजारी साबणाची वडी होती, तो फोटो बदलला आहे.

आता वज्रेश्वरी. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली कुंडं असोत की राजापूरजवळचं उन्हाळे, हे पाणी म्हणजे भेगांतून खोल मुरलेलं, तिथल्या खडकांच्या उष्णतेने तापून वर आलेलं पाणी. लोक त्याला गंधकाचं म्हणतात, तसा वासही काही ठिकाणी येतो, पण वज्रेश्वरीच्या पट्ट्यातल्या पाण्यात विरघळलेलं असतं ते मुख्यतः सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड, तेही 5 टक्क्यांच्या जवळपाससुद्धा नाही. तिथे सांधे सुटे होतात ते ऊन पाण्यात निवांत बसल्यामुळे. मी ते खनिजांच्या नावावर लिहिलं होतं, ते वाक्य दुरुस्त केलं आहे. जाणाऱ्यांनी आधी सगळ्यात कमी ऊन कुंडात पाय सोडून बघावेत, एका वेळी दहाएक मिनिटंच बसावं, उठताना कठड्याला धरून सावकाश उठावं, आणि अंगावर उघडी जखम असेल तर सामायिक कुंडात उतरू नये.