धबधब्याला जीन्स घालून

जुलैतल्या कुठल्याही शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पांडवकडा?’ (म्हणजे नवी मुंबईतल्या खारघरचा धबधबा) असा मेसेज पडतो आणि पटापट अंगठे वर येतात. सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवर पनवेल लोकलसाठी त्यातले निम्मे उगवतात, आणि उगवलेल्यांतले निम्मे जीन्समध्ये असतात. सहलीचं पुढे काय होणार, हे माझ्या मते तिथेच ठरतं.

ओली जीन्स ही सक्तमजुरी आहे. पाणी पिऊन जड होते, गुडघा वाकू देत नाही, मांड्या सोलते आणि मंगळवारपर्यंत वाळत नाही. साधी पॉलिस्टरची ट्रॅकपँट घालावी. पिळली, झटकली की निभावण्याइतकी कोरडी होते. पण तिच्यात फोटो चांगले येत नाहीत, तेव्हा पुढल्या पावसाळ्यातही जीन्सच.

पायांचं त्याहून वाईट. आपल्या डोंगरांचा कातळ बेसॉल्टचा. पावसात त्यावर शेवाळाचा असा पातळ थर चढतो की डोळ्यांना दिसत नाही, पार्श्वभागाला मात्र लगेच कळतो. हिरवं किंवा काळं चकाकतं तिथे पाय टाकू नये. मळकट, खरखरीत दिसेल तिथे अख्खा तळवा सपाट टेकवावा. टाच आधी टेकवलीत की गेलात. आणि घसरणाऱ्याचा हात धरायला धावू नये. तो एकटा पडला तर एकच पँट फाटते.

खारघर स्टेशनवरून रिक्षा करून डोंगराच्या पायथ्याशी पोचलं की पहिलं दर्शन बॅरिकेडचं. पांडवकडा सुमारे १०७ मीटर उंच, आणि पावसाळ्यात तिथे जायला मनाई. हे मनाईहुकूम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १६३ झालं. कलम बदललं, पण ग्रुपमधल्या काकांचं ‘थांबा, मी बोलतो, एक साहेब ओळखीचे आहेत’ तसंच राहिलं. काका बोलून येतात. परत येताना त्यांचा आवाज उतरलेला असतो.

मनाई उगाच नाही. पाऊस वर माथ्यावर पडतो, कातळ तो फारसा शोषत नाही, त्यामुळे खाली ऊन असतानाही ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. वरून दगडही येतात. कुठल्याही ओढ्यात उतरलेल्यांनी तीन खुणा पाहाव्यात: पाणी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज भरदार झाला. यातली एक जरी दिसली तरी बाजूच्या चढावर जायचं. ओढ्याच्या कडेने खाली पळायचं नाही. पलीकडच्या काठावर अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसायचं. हात धरून साखळी करून ओलांडायचं धाडस करू नये. पहिला गेला की साखळी जाते.

खरं सांगायचं तर पांडवकडा गोल्फ कोर्सच्या बाजूच्या रस्त्यावरूनच छान दिसतो. पायथ्याशी नुसती मान दुखते. पण ‘लांबून काय बघायचं?’ असं म्हणून मंडळी ठाण्याच्या येऊरला जायचा विषय काढतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणजे तिथेही गेट आणि गेटवर वनरक्षक. सगळ्यांना धास्ती बिबट्याची; तो बहुधा रात्री फिरतो. दिवसाढवळ्या लुटतात ती माकडं. वेफर्सच्या पिशवीची कुरकुर त्यांना लांबून ऐकू येते. खाऊ फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवावा आणि बॅग पाठीवरून उतरवूच नये, कारण चेन उघडणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

फोन भिजला तर बंद करा, पुसा, पंख्याखाली ठेवा, चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसल्याने फक्त भाताला वास येतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन-तीन तासांनी बदला. गॅसजवळ ठेवलेत तर तळव्याचा डिंक सुटतो आणि सोमवारी ऑफिसच्या जिन्यात एक बूट तोंड उघडून सगळ्यांना सांगतो, साहेब काल कुठे गेले होते.