बाकीवाले

आज सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "काकांचा तो खेळ शनिवारी मिळेल का हो? आमच्याकडे भिशी आहे."

काकांचा! चार महिने कात्री चालवून अंगठ्याला घट्टा पडला तो माझ्या. ताईच्या लग्नात उरलेल्या पत्रिकांमधून ५४ पत्ते कापले तेही मीच. त्यातल्या एका पत्त्यामागे अजून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' असं छापलेलं आहे. त्यामुळे तो कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना कळतं, ही गोष्ट वेगळी.

खेळाचं नाव 'थकबाकीदार'. सोसायटीची वार्षिक सभा, सात सभासद, एकाने गुपचूप मेंटेनन्स बुडवलेला. तो कोण, हे बाकीच्यांनी वाद घालत हुडकायचं. मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री डेव्हिडॉफने १९८६ मध्ये 'माफिया' काढला, त्याच जातकुळीतला हा खेळ. तिकडे रात्री खून पडतात, आमच्याकडे पाणी बंद होतं.

गेल्या रविवारी सहावी प्लेटेस्ट होती, म्हणजे लोकांना खेळायला बसवून खेळाची चाचणी. पहिल्या पाच फसल्या. एकदा तर पहिल्याच फेरीत मेव्हणा स्वतःहून म्हणाला, "मीच बुडवलाय, वडे आणा." या वेळी मी ठरवलं होतं की नियमांचा कागद खेळणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि आपण कोपऱ्यात वही घेऊन मुकाट बसायचं. खेळ करणाऱ्याने समजावून सांगायचं नाही, सुचवायचं नाही, कपाळावर हातही मारून घ्यायचा नाही. पेटी उद्या कोणाच्या घरी गेली तर तिच्याबरोबर आपण थोडेच जाणार आहोत?

पत्ते वाटायला घेतले आणि बेल वाजली. दारात काका, आमचे खजिनदार, नोटिशीची वही घेऊन सहीसाठी. सही घेतली आणि चपला काढल्या.

"चालू द्या, चालू द्या. मी नुसता बघतो."

चष्मा वर करून त्यांनी नियमांचा कागद वाचला. मग डोकी मोजली.

"सभासद एकूण किती?"

"कागदावर चोवीस फ्लॅट लिहिलेत," भाचा म्हणाला.

"मग कोरम कुठंय? दोनतृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. म्हणजे सोळा. तुम्ही सात."

"काका, खेळ आहे हो हा," भाचाच म्हणाला.

"म्हणून काय बेकायदेशीर खेळायचा? सभा तहकूब. अर्ध्या तासाने, याच ठिकाणी. तहकूब सभेला कोरम लागत नाही."

आणि लोक उठले की हो! माझे लोक. खरोखर अर्धा तास त्यांनी वडे खाल्ले. मी वहीत लिहिलं: 'फेरी ०. वेळ ३० मिनिटं. वडे संपले.'

अर्ध्या तासाने सभा भरली. माझा एक पत्ता आहे, 'दंड ५० रुपये'. काकांनी तो दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तसा धरला. "दंड कसला? व्याज लावा. तेही सरळव्याज. चक्रवाढ लावलंत तर मी उठून जाईन." (मनात म्हटलं, लावा रे कोणीतरी!) भाच्याने मोबाइलवर हिशेब मांडला. दर फेरीला एक वर्ष सरायचं आणि प्रत्येकाची बाकी फुगायची. तिसऱ्या फेरीला मेव्हण्याची बायको खुर्चीच्या कडेला येऊन बसली. चौथ्या फेरीला ती मेव्हण्यावर ओरडली. शेवटाला ताण येत नाही म्हणून मी चार महिने झोप घालवली होती. काकांनी तो नुसतं बघता बघता आणला. आनंद व्हायला हवा होता म्हणे.

मतदान झालं, तीन-तीन, एक तटस्थ. सगळे काकांकडे बघायला लागले.

"पत्त्यातला थकबाकीदार कोण, ते मला ठाऊक नाही. खरा हवा असेल तर एप्रिल ते जून, सहाशेदोन."

सहाशेदोन म्हणजे आम्ही. सात तोंडं माझ्याकडे वळली. बायकोचं सगळ्यात आधी.

दीड तासात पहिल्यांदा मी तोंड उघडलं. म्हटलं, काका, वरची गच्ची तीन पावसाळे गळतेय. बेडरूमच्या कोपऱ्यात बादली असते आणि रात्री तिच्यात टप, टप, टप. दोन अर्ज दिले. एक 'हरवला', दुसऱ्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का बसला. पाणी सोसायटीचं, भिंत माझी आणि बाकीदार पण मीच? पैसे बुडवलेले नाहीत, अडवलेत! आवाज जरा चढलाच. कोणी हसलं नाही.

काका शांतपणे म्हणाले, "तो विषय विषयपत्रिकेवर नाही. ऐनवेळचे विषय शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने."

अध्यक्षाचा पत्ता मेव्हण्याकडे होता. त्याने परवानगी नाकारली. टाळ्या पडल्या. साडेअकरापर्यंत सगळे खेळत होते आणि पुढच्या प्रत्येक डावात लीकेजची तक्रार करणारा एक सभासद हवाच, असंही एकमताने ठरलं.

लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये आपल्या पटाच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. जमीनदार कसे लुबाडतात ते लोकांना कळावं हा तिचा हेतू. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ विकणाऱ्या कंपनीने ५०० डॉलरला तिचं त्याच खेळाचं १९२४ मधलं दुसरं पेटंट घेतलं आणि 'मोनोपॉली'चा जनक म्हणून मिरवला चार्ल्स डॅरो. तिला निदान ५०० डॉलर तरी मिळाले. मला बिल आलं, व्याजासकट.

तरीही संध्याकाळी पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. झाकणावर मार्करने ठळक लिहून नेलं होतं: 'खेळाची निर्मिती', त्याखाली माझं नाव, त्याखाली फ्लॅट नंबर.

वहिनींनी वाचलं. "अय्या, सहाशेदोन! म्हणजे ते बाकीवाले तुम्हीच का?"