पहिली पंप-अ‍ॅक्शन आणि माझा कारभारी डोळा

पहिली शॉटगन, म्हणजे एका बारात अनेक बारीक छर्रे उडवणारी बंदूक, घ्यावयाची आहे, ही गोष्ट चारचौघांत उच्चारू नये. परवाना, प्रशिक्षण आणि बंदूक ठेवण्याचे कुलूपबंद कपाट ही वाट तशी सरळ असते. तिच्यावर फार तर वेळ जातो आणि छायाचित्रे जातात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण ज्याच्याकडे एक बंदूक आहे तो माणूस सल्लागार असतो आणि ज्याच्याकडे एकही नाही तो त्याहून मोठा सल्लागार असतो. माझी महत्त्वाकांक्षा बेताची होती. रेंजवर उडणाऱ्या तबकड्या फोडाव्यात आणि हंगामात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, फेझंट किंवा बदकांच्या मागे एखादी पहाट घालवावी, एवढेच मनात होते. दोन्ही कामे एकाच बंदुकीने व्हावीत आणि ती पंप-अ‍ॅक्शन असावी, इथपर्यंतचा निर्णय मी स्वतःच्या बुद्धीने घेतला. त्यापुढचा एकही निर्णय मला एकट्याने घेऊ देण्यात आला नाही.

पंप-अ‍ॅक्शन मला आवडते, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि पुढे ढकलली की मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसांच्या साठ्यातले, नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, जाऊन बसते. हे सारे काम नेमबाजाच्या हातावर चालत असल्यामुळे काडतूस मवाळ आहे की जहाल, याची यंत्राला फिकीर नसते. अर्धस्वयंचलित बंदूक मात्र काडतुसाच्याच जोरावर चालते आणि काडतूस फारच हलके निघाले तर रुसून बसते. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर 1897 ही या घराण्यातली पणजी म्हणावी लागेल. 1950 मध्ये रेमिंग्टन 870 आली, तिचे एक कोटीहून अधिक नग तयार झाले, आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेल्या मॉसबर्ग 500 नेही तसाच संसार थाटला. याचा परिणाम असा झाला आहे की पंप-अ‍ॅक्शन वापरणाऱ्यांत दोन पंथ आहेत आणि नवशिका दिसला की दोन्ही पंथांचे प्रचारक त्याला दोन्ही बाजूंनी धरतात.

870 वाल्यांचे म्हणणे असे की त्यांच्या बंदुकीची मधली पेटी, म्हणजे रिसीव्हर, पोलादाची आहे आणि पोलाद ते पोलाद. 500 वाल्यांचे म्हणणे असे की अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची पेटी हलकी पडते, आणि दिवसभर शेताच्या बांधांवरून बंदूक वागवताना पोलादाचा अभिमान खांद्याला परवडत नाही. दोघांचेही खरे आहे. पोलादाच्या पेटीतही बोल्ट, म्हणजे काडतुसामागे चेंबर बंद करणारा तुकडा, नळीच्याच मागच्या भागात अडकतो आणि मिश्रधातूच्या पेटीतही तसाच अडकतो, त्यामुळे स्फोटाचा मुख्य ताण पेटीवर फारसा येत नाही, हे मी एकदा नम्रपणे सुचवून पाहिले. त्या दिवशी दोन्ही पंथांची माझ्याविरुद्ध एकजूट झाली.

मग बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, प्रश्न आला. बाराचा आकडा विसाहून लहान असताना बारा बोअरची नळी वीस बोअरच्या नळीहून मोठी कशी, हे समजावून सांगण्यात माझ्या घरातली एक संध्याकाळ गेली. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे केले तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर गोळा लहान, म्हणून नळीही लहान. बाराची नळी सुमारे 18.5 मिलिमीटर आणि विसाची सुमारे 15.6 मिलिमीटर. .410 मात्र या हिशेबातच बसत नाही, कारण तो आकडा सरळ इंचांतला व्यास आहे. या .410 बद्दल मला एका हितचिंतकाने आवर्जून सांगितले की नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, कारण ती खांद्याला लागत नाही. ती लागत नाही हे खरे आहे, आणि तबकडीलाही बहुधा लागत नाही, कारण तिच्या काडतुसात छर्रेच थोडे असतात. ते हत्यार मुरलेल्या नेमबाजाने हौसेने वापरावे.

वीस बोअरकडे माझा कल झुकू लागला होता. बंदूक हलकी, काडतूस लहान, म्हणजे धक्का कमी, असा माझा सरळ हिशेब होता. पण धक्का हा काडतुसाच्या आणि बंदुकीच्या वजनाचा आपसांतला व्यवहार असतो. साडेतीन किलोच्या बारा बोअरमधून 28 ग्रॅम छर्ऱ्यांचे मवाळ काडतूस उडवले तर पावणेतीन किलोच्या वीस बोअरमधल्या जहाल काडतुसापेक्षा खांदा अधिक खूश राहतो. शिवाय बारा बोअरची काडतुसे मिळतात कुठेही आणि त्यांत निवडही भरपूर असते. दोन्ही बोअरच्या बंदुका एका घरात ठेवायच्या झाल्या तर एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते, मागे बाराचे काडतूस बसायला जागा राहते, आणि ते उडवले तर नळी फाटते. वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याची रीत याच कारणाने पडली. म्हणून खिसा तपासावा, आणि नंतर पुन्हा एकदा तपासावा.

बारा बोअर ठरल्यावर चेंबरच्या लांबीवरून वाद पेटला. पावणेतीन इंच, तीन इंच आणि साडेतीन इंच अशी तीन मापे आहेत, आणि मोठ्या चेंबरमध्ये छोटे काडतूस चालते, छोट्यात मोठे चालत नाही. यावरून माझ्या सल्लागारांनी असा निष्कर्ष काढला की माणसाने साडेतीनचीच घ्यावी. "उद्या बदके फार उंचावरून गेली तर?" असा प्रश्न मला विचारण्यात आला. मी म्हटले की बदके उंचावरून गेली तर मी त्यांना जाऊ देईन. हे उत्तर कोणालाच पसंत पडले नाही. साडेतीन इंची काडतूस पंप-अ‍ॅक्शनमधून उडवणाऱ्या एका गृहस्थांना मी रेंजवर पाहिले आहे. बार उडाल्यावर त्यांची टोपी मागे आणि चष्मा पुढे गेला, आणि ते स्वतः मधल्या जागी राहून "काही नाही, काही नाही" असे पुटपुटत दंड चोळत होते. मी तीन इंचांवर समाधान मानले.

किती काडतुसे मावतात, या मुद्द्यावरही मला व्याख्यान ऐकावे लागले. वक्त्याच्या बंदुकीत आठ मावत होती. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत एकूण तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून लोक मॅगझिनमध्ये लाकडाचा दांडका घालून ठेवतात. ट्रॅप या तबकड्या फोडण्याच्या खेळाच्या एकेरी फेरीत तर एका तबकडीला एकच काडतूस भरतात. म्हणजे आठांपैकी पाच जागा लाकडाने भरायच्या, आणि ते लाकूड रानोमाळ हिंडवायचे. हा हिशेब मी मांडल्यावर वक्त्याने विषय बदलला.

इथवर सारी चर्चा बंदुकीची चालली होती. ती बंदूक धरणार कोण, याची चौकशी पहिल्यांदा केली ती रेंजवरच्या वयस्कर प्रशिक्षकांनी. त्यांनी कोणती बंदूक घेणार हे विचारले नाही, आठ मावतात की तीन हेही विचारले नाही. दोन्ही हात पुढे करा, तळवे एकमेकांवर टेकवून अंगठ्यांजवळ लहानशी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून माझ्या नाकाकडे पाहा, एवढे ते म्हणाले. मी पाहिले. ते गालातल्या गालात हसले.

"उजव्या हाताने लिहिता ना?"

"हो."

"मग नीट ऐका. तुमच्या घरात कारभार डाव्या डोळ्याचा आहे. त्या खिडकीतून मला तुमचा डावा डोळा दिसतोय."

आयुष्यभर मी उजव्या डोळ्याला मान देत आलो होतो आणि हा डावा आतून सूत्रे हलवत होता. शॉटगन उजव्या खांद्याला लावून दोन्ही डोळे उघडे ठेवले की नळीच्या रेषेत उजवा डोळा असतो. पण मेंदू ऐकतो कारभाऱ्याचे, आणि मग छर्रे तबकडीच्या एका अंगाने निघून जातात. उपाय तीन. डावा डोळा मिटावा, पण मग उडत्या वस्तूचे अंतर आणि वेग यांचा अंदाज अर्धा होतो. चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा, हा दुसरा. किंवा, अजून कुठलीच सवय लागलेली नाही तोवर, बंदूक सरळ डाव्या खांद्यावर घ्यावी. "तुमचे अजून काहीच बिघडलेले नाही," असे प्रशिक्षक म्हणाले. नवशिका असल्याचा फायदा मला त्या एका क्षणापुरता मिळाला.

डावा खांदा ठरताच पंथांच्या भांडणाचे वजन माझ्यापुरते एकदम उतरले. 870 ची सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, चापाच्या मागे आडवी बसवलेली असते आणि ती उजव्या हाताच्या तर्जनीने ढकलण्यासाठी केलेली असते. डावखुऱ्याने ती चालवायची म्हणजे बोटांची कसरत करावी लागते. 500 ची सेफ्टी पेटीच्या माथ्यावर, अंगठ्याखाली असते, आणि अंगठा डावा की उजवा हे ती विचारत नाही. पण काडतूस बाहेर पडण्याची खिडकी दोन्हींच्या उजव्या अंगाला असते, त्यामुळे डाव्या खांद्यावरून उडवताना गरम रिकामी काडतुसे आपल्या नाकासमोरून मिरवत जातात. ती तोंडावर येत नाहीत, हे सगळेच सांगतात, आणि तरीही प्रत्येक बाराला डोळा लवतो. इथाका 37 आणि ब्राउनिंग बीपीएस या बंदुका काडतूस पेटीच्या खालून पायाशी टाकतात. त्यांतल्या बीपीएसची सेफ्टीही माथ्यावरच आहे. ही माहिती कळल्यावर मी ती घेऊन सल्लागारांकडे गेलो तेव्हा दोन्ही पंथांनी मला वाळीत टाकले. बीपीएस जड आहे, हा त्यांचा आक्षेप मात्र खरा होता.

उरले माप. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतची लांबी बहुतेक बंदुकांत चौदा इंचांच्या आसपास असते, आणि ती ज्या कुणा धिप्पाड माणसावरून ठरवली असेल त्याची आणि माझी गाठ पडलेली नाही. दस्ता लांब असला की तो काखेत अडकतो, आणि आखूड असला की धक्क्यासरशी अंगठा नाकावर येतो. पंप-अ‍ॅक्शनमध्ये आणखी एक पेच असा की पुढची मूठ पूर्ण पुढे गेल्यावरही हात तिथवर पोहोचला पाहिजे. प्रशिक्षकांनी चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याचे स्वतः पाहून मला दाखवले, नंतर बंदूक माझ्या हाती दिली आणि शिंप्याने उभे करावे तसे मला उभे केले. डोळे मिटायचे, बंदूक गालाला आणि खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा मणी नळीवरच्या पट्टीच्या मधोमध दिसला तर दस्ता आपला. मला पहिल्यांदा मणी दिसलाच नाही, पेटीची पाठ दिसली. मग दस्त्याखालच्या चकत्या काढून तो आखूड केल्यावर मणी वर आला. शेजारी उभे असलेले साडेतीन इंचवाले गृहस्थ म्हणाले की माणसाने बंदुकीची सवय करून घ्यावी, बंदुकीला लाडावू नये. प्रशिक्षकांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही.

नळीच्या लांबीवर मी फार वेळ घालवला नाही. पंप-अ‍ॅक्शनची पेटी मुळातच दुनळीपेक्षा लांब, त्यामुळे 26 इंचांची नळीही बरीच पुढे जाते. 28 इंच तबकड्यांना झोका देताना अधिक संथ चालते, झुडपांत मात्र अडते. मी 26 घेतली.

पंपाचा हात बसवणे हे वेगळेच प्रकरण आहे. मूठ मागे ओढताना ती पूर्ण मागे गेली पाहिजे, कारण अर्धवट ओढली तर नवे काडतूस उचललेच जात नाही आणि चाप ओढल्यावर फक्त 'टक्' असा आवाज येतो. स्कीट या तबकड्यांच्या दुसऱ्या खेळात दोन तबकड्या एकाच वेळी सुटतात तेव्हा याची गंमत दिसते. पंपाइतकी भरवशाची वस्तू जगात नाही, असे मला तासभर पटवणाऱ्या एका अनुभवी सद्गृहस्थांनी पहिली तबकडी सुरेख फोडली आणि दुसरीला 'टक्' केले. तबकडी गवतात अखंड उतरली. त्यांनी काडतुसाला दोष दिला, हवेला दिला, आणि शेवटी मी शेजारी उभा राहून श्वास घेत होतो याला दिला.

चोक बदलता येतात ही मोठी सोय. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला आवळ; तो जितका अधिक, तितका छर्ऱ्यांचा झोत एकवटलेला. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंचांच्या वर्तुळात फुल चोकने सुमारे 70 टक्के छर्रे पडावेत, मॉडिफाइडने 60 आणि इम्प्रूव्हड सिलिंडरने 50, असा संकेत आहे. स्कीटच्या तबकड्या जवळून फुटतात, तिथे सैल चोक पुरतो. बदकांसाठी अमेरिकेने 1991 पासून देशभर शिशाचे छर्रे बंद केले. पोलादी छर्रे दबत नाहीत, म्हणून त्यांना अति आवळ चोक लावू नये.

पण हा संकेत आपल्या बंदुकीला मान्य आहे की नाही, हे कागदावर बार काढून पाहावे लागते. मी मोठा कागद ताणून लावला, बार काढला, सर्वांत दाट जागेभोवती वर्तुळ आखले आणि पेन्सिल घेऊन भोके मोजायला बसलो. आठ नंबरच्या, म्हणजे बारीक छर्ऱ्यांच्या, 28 ग्रॅम काडतुसात शिशाचे चारशेच्या आसपास छर्रे असतात. दोनशेच्या पुढे गेल्यावर मोजलेले भोक आणि न मोजलेले भोक एकसारखे दिसू लागतात, आणि दोन छर्रे एकाच भोकातून गेले असतील तर ते एक धरायचे की दोन, यावर भोवती जमलेल्यांचे तीन पक्ष पडले. मी मान वर करून आकडा सांगितला तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "छान. आता अशाच आणखी नऊ कागदांवर मोजा, म्हणजे सरासरी निघेल." मी साडेतीन इंचवाल्या गृहस्थांना पेन्सिल देऊ केली, तेव्हा त्यांना घरी काहीतरी काम असल्याचे आठवले.