५० पौंडांची पैज

ज्या मॅचमध्ये आपलाच संघ हरेल म्हणून त्याने पैसे लावले होते, त्या मॅचमध्ये मैदानावरचा सगळ्यात चांगला खेळाडू तोच ठरला. तो म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलपटू टोनी के, शेफिल्ड वेन्सडे क्लबचा खेळाडू. १ डिसेंबर १९६२, इप्सविच विरुद्ध वेन्सडे. वेन्सडे २-० ने हरली आणि ‘द पीपल’ या रविवारच्या पेपरने ‘मॅन ऑफ द मॅच’ म्हणून नाव दिलं ते हरलेल्या संघातल्या केचं. पुढे दीड वर्षाने, एप्रिल १९६४ मध्ये, त्याला उघडं पाडलं तेही याच पेपरने.

प्रकरण तसं साधं आणि तसंच मूर्खपणाचं. जिमी गॉल्ड नावाचा एक माजी खेळाडू ठरवून हरायला तयार असलेले खेळाडू गोळा करत फिरायचा. वेन्सडेचा स्ट्रायकर डेव्हिड लेन हा त्याचा जुना सहकारी. लेनने संघातल्या पीटर स्वानला विचारलं, टोनी केला विचारलं. इप्सविच म्हणजे आदल्या मोसमातले लीग विजेते आणि मॅच त्यांच्याच मैदानावर. नाहीतरी आपण हरणारच आहोत, मग चार पैसे का सोडा? तिघांनी प्रत्येकी ५० पौंड लावले. सुटले प्रत्येकी १०० पौंड. बस्स, एवढंच.

हे एवढं सोपं का झालं तेही बघा. ब्रिटनमध्ये सट्ट्याची दुकानं कायदेशीरपणे उघडली १९६१ मध्ये. गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन फुटबॉलवर पैसे लावणं म्हणजे दूध आणण्याइतकं सरळ. बरं, खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादाही त्याच वर्षी उठली होती, त्यामुळे ‘पोटासाठी केलं’ ही सबब टोनी केला चालणार नाही. मॅचच्याच महिन्यात, डिसेंबर १९६२ मध्ये, एव्हर्टन क्लबने त्याला सुमारे ६० हजार पौंड मोजून घेतलं. त्या मोसमाची लीग एव्हर्टनने जिंकली. जून १९६३ मध्ये तो इंग्लंडकडून स्वित्झर्लंडविरुद्ध खेळला, इंग्लंडने ८-१ ने धुव्वा उडवला, त्यात एक गोल केचा. पहिला सामना. तोच शेवटचा.

गॉल्डने आपली कहाणी ‘द पीपल’ला ७ हजार पौंडांना विकली. चोरून केलेली टेप रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून वाजली. जानेवारी १९६५ मध्ये नॉटिंगहॅमच्या कोर्टात गॉल्डला चार वर्षं, आणि के, स्वान, लेन यांना चार-चार महिने. तुरुंग तर झालाच, वर फुटबॉल असोसिएशनची आजन्म बंदी.

मी केची वकिली करत नाहीये. स्वतःच्या संघाच्या हरण्यावर पैसे लावणाऱ्याला मैदानावर ठेवू नये, यात वाद नाही. त्या दिवशी तो जीव तोडून खेळला असेलही, पण प्रेक्षकाने ते ओळखायचं कसं? स्वान पुढे म्हणालाच होता, की आम्ही जिंकत असतो तर मी काय केलं असतं ते मलाच सांगता येत नाही. मला यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच वाटतं.

माझा राग वेगळ्यावर आहे. मे २०२३ मध्ये ब्रेंटफर्ड या इंग्लिश क्लबच्या आयव्हन टोनीवर (हाही टोनीच!) आठ महिन्यांची बंदी आली. सट्ट्याचे नियम २३२ वेळा मोडल्याचं त्याने कबूल केलं होतं. स्वतः खेळत असलेल्या मॅचमध्ये हरण्यावर त्याने पैसे लावले नव्हते, हा फरक मोठाच आहे. त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं निदान झालं, म्हणून शिक्षा कमी झाली, तेही योग्यच. पण हा माणूस दर आठवड्याला जी जर्सी घालून उतरायचा, तिच्या छातीवर सट्टेबाजीच्याच कंपनीचं नाव! क्लबच्या मालकाने पैसा कमावला तो सट्ट्याच्या आकडेमोडीवर! दारूच्या गुत्त्यात नोकरीला ठेवायचं आणि प्यायला म्हणून दंड करायचा, त्यातली गत. तो परत आला, २०२४ च्या युरोत (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) इंग्लंडकडून खेळला, स्वित्झर्लंडविरुद्ध चेंडूकडे न बघता पेनल्टी मारली. मी रात्री सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या.

केच्या वेळी निदान नव्हतं, समुपदेशन नव्हतं, परतीची तारीख नव्हती. बंदी उठली १९७२ मध्ये. स्वान पुन्हा वेन्सडेकडून खेळला. के तेव्हा ३५ वर्षांचा. तो लीगमध्ये परतलाच नाही.

मला राहून राहून आठवतं ते १९६६. त्या वर्षी इंग्लंडने वर्ल्ड कप जिंकला, मॅनेजर आल्फ रॅम्सी. १९६२ च्या त्या मॅचमध्ये इप्सविचचा मॅनेजरही रॅम्सीच! टोनी केला अंगावर येऊन खेळताना त्याने समोरून पाहिलं होतं. त्याने टोनी केला वर्ल्ड कपला घेतलं असतं, असं मानणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. पण वर्ल्ड कपचं सोडा. त्याआधी, मे महिन्यात, वेम्बलीवर एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनल झाली. एका बाजूला एव्हर्टन, दुसऱ्या बाजूला शेफिल्ड वेन्सडे. एव्हर्टन ०-२ वरून ३-२ ने जिंकली. दोन्ही संघ केचे. तो तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याला दोन्हींपैकी एकाही संघात जागा नव्हती.