‘ही मुलं साध्या शाळेत कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया एवढी सविस्तर आहे की दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताई वडोदऱ्यातल्या नगर प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचं म्हणणं असं की ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात बसवलं की त्याचे हाल, वर्गाचे हाल आणि बेनचे (इथे शिक्षिकेला बेन म्हणतात) तर विचारूच नका. अशा मुलांची जागा स्पेशल शाळेत. साध्या शाळेतल्या शिक्षकांना अशा मुलांसाठी मदत करणारे आमच्यासारखे कार्यक्रम चालवणारे एक दिवसाचं शिबिर घेतात, फोटो काढतात आणि जातात. आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’

ताई, मुळात ही मुलं आम्ही आणून बसवलेली नाहीत. ती वर्गात आहेतच. बालवाटिकेत नाव घातलेलं असतं, पुढे पहिली, दुसरी. हाक मारली तर बघत नाही, मध्येच उठून नळाकडे पळतो, एवढं बेनला दिसत असतं. त्याला ऑटिझम म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, घरच्यांनाही नसतं. आमचं काम तिथून सुरू होतं. उद्या आमचा कार्यक्रम बंद पडला तरी तो मुलगा त्याच बाकावर असेल, फक्त बेन एकट्या पडतील.

स्पेशल शाळांशी माझं भांडण नाही. दिव्यांगजन अधिकार कायदा 2016 चं कलम 31 स्पष्ट आहे: 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, मग ते जवळच्या शाळेत असो वा पसंतीच्या स्पेशल शाळेत. काही मुलांना तीच शाळा लागते, आणि तिथे रुळलेलं मूल काढा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण बाप मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, आई दोन घरची पोळ्यांची कामं करणारी, असं घर असेल तर पसंती कायद्यात राहते आणि निर्णय रिक्षाच्या भाड्यावर होतो.

आता बेनच्या हालांबद्दल. निवडणुकीची कामं, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे आणखी एक, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. म्हणूनच आम्ही नवी वही, नवा रकाना देत नाही. पहिल्या भेटीत एकच गोष्ट करतो: दिवसाची चित्रपट्टी. प्रार्थना, गणित, जेवण, खेळ, घर, अशी चार-पाच चित्रं पुठ्ठ्यावर. एक काम झालं की ते चित्र मुलानं स्वतः उलटं करायचं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना पुढे काय होणार हे न कळण्याचाच त्रास जास्त असतो, आणि तोंडी सूचना हवेत विरते, चित्र समोर राहतं. एका संध्याकाळी बनते ती पट्टी. एरवी बेन दिवसभर ‘बस, थांब, आता नाही’ करत असतात, त्यापुढे हे काहीच नाही.

दुसरं काम आवाजाचं. प्रार्थनेचा लाउडस्पीकर, मध्याह्न भोजनातल्या ताटांचा खणखणाट, आणि आपल्या गावात नवरात्राआधी शाळेत होणारा गरबा! कानावर हात ठेवून किंचाळणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो. हट्ट करणारं मूल मधून मधून बघतं, आपल्याकडे लक्ष आहे का म्हणून. हे मूल बघतही नाही, आणि खाऊ दिला तरी थांबत नाही. अशा वेळी न ओरडता, न ओढता, कमीत कमी बोलून त्याला शांत कोपऱ्यात न्यायचं. प्रार्थनेला त्याला स्पीकरपासून लांब, रांगेच्या टोकाला उभं केलं तर निम्मी रडारड होतच नाही.

तिसरं थोडं अवघड आहे. गणिताच्या तासाला मुलगा पाटी फेकतो. बेन त्याला व्हरांड्यात पाठवतात. व्हरांडा त्याला आवडतो. म्हणजे पाटी फेकली की व्हरांडा मिळतो हे तो शिकला, आणि शिकवलं आपणच. म्हणून आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच आठवडाभर पाहायला सांगतो. मग ‘सुट्टी’चं कार्ड त्याच्या हातात देतो. पाटी न फेकता कार्ड दिलं तरी व्हरांडा मिळतो. कार्डाचा उपयोग आहे हे त्याला कळायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत वर्गाचे काही दिवस खरंच वाया जातात. बाकीची मुलं आपोआप समजूतदार होतात वगैरे गोड गोष्टी मी सांगणार नाही. काही नक्कल करतात, त्यांच्याशीही बोलावं लागतं.

एका दिवसाच्या शिबिराबद्दल मात्र तुमचंच बरोबर. त्यानं काही होत नाही. शिबिर आम्हीही घेतो, पण खरं काम नंतर वर्गात मागच्या बाकावर बसून होतं. त्याहून मोठी गोष्ट ही की विशेष शिक्षकच पुरेसे नाहीत. प्राथमिकला अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं. आपल्याकडे एकच माणूस कितीतरी शाळा फिरतो. आमच्यासारखे कार्यक्रम आहेत म्हणून ही पदं रिकामी ठेवली जात असतील तर आमच्यावर टीका करा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

‘आमच्या वेळी नव्हतं’ हे मात्र पटत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या अकरा मुलांबद्दल लिहिलं ते 1943 मध्ये. आपल्याकडे 1995 च्या कायद्यात सातच दिव्यांगत्वं होती, ऑटिझम त्यात नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 मध्ये एकवीस प्रकारांच्या यादीत. तुमच्या नोकरीतली बरीच वर्षं कुठल्याच फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं म्हणून आपण अभिमानानं सांगतो. सक्तीनं मूल दारापर्यंत येतं. आत आल्यावर त्याला शिकवायचं कसं, हा प्रश्न आपल्या पिढीकडे आलाय.

घरी मराठी, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी, यानंच मूल गोंधळतं, म्हणून घरी मराठी बंद करावी असं तुम्ही सुचवलंत. कृपा करून कुणाला हे सांगू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. उलट आजीला गुजराती धड येत नसेल तर मुलाशी बोलणारं घरातलं एक माणूस कमी होतं. भाषांचा भार कमी करायचाच तर परीक्षेत करता येतो: दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सवलत कायद्यातच आहे, जादा वेळ आणि लेखनिकही.

शेवटी तुमच्या शेजारच्यांच्या नातीबद्दल. दाखला आधी हवा का, असं विचारलंत. चित्रपट्टीला दाखला लागत नाही, ती उद्याही सुरू करता येईल. शाळेला एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ यादी भरायला सांगा. ती प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टर करतात, आणि दाखल्यासाठी सरकारी वैद्यकीय मंडळ ‘इसा’ ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतं. परीक्षेतल्या सवलतींसाठी तो दाखला लागेल, म्हणून टाळू नका. जाताना वर्गातल्या बेननं तारीख घालून लिहिलेली निरीक्षणं आणि घरचे दोन-तीन व्हिडिओ सोबत न्या. डॉक्टरांसमोर मूल कधीकधी अगदी शांत बसतं आणि आईच खोटी पडते.