'झिप जमवण्याचा आजार': मनीषनगरच्या वाचकाला उत्तर

मनीषनगरवाले भाऊ,

डाउनलोड केलेले मॉड्स (गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनीच बनवलेल्या फाइली) कसे लावून ठेवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत आणि धुऊन काढलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मॉड लावून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे मॉड मॅनेजर, फुकटात मिळतो आणि सगळं तोच करतो, मग हातानं फोल्डर लावत बसणं हा रिकामटेकडेपणा. नेटवर सगळं पडलंच आहे, तर मॉडच्या जुन्या झिप फाइली ठेवायच्या काहून? ठेवायच्याच असतील तर गाड्या, नकाशे, आवाज, ग्राफिक्स असे सरळ चार फोल्डर करावेत, गेमच्या आवृत्तीनुसार कोण लावतं? आणि त्यापायी अख्खी डिस्क अडवणं हा 'झिप जमवण्याचा आजार' आहे. एवढं बोलून शेवटी एक विनंतीही केलीत. तिच्याकडे नंतर येतो.

मॅनेजरशी माझं भांडण नाही. स्कायरिम या कॉम्प्युटर गेमसाठी मी मॉड ऑर्गनायझर २ हा मॅनेजरच वापरतो. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि गेम सुरू होताना सगळ्या फाइली गेमच्या डेटा फोल्डरातच आहेत असं गेमला भासवतो. मूळ फोल्डरला हात लागत नाही. व्होर्टेक्स हा दुसरा मॅनेजर हार्डलिंक करतो, म्हणजे एकच फाइल दोन फोल्डरांत दाखवतो, म्हणून त्याचा मॉड ठेवायचा (स्टेजिंग) फोल्डर गेमच्याच ड्राइव्हवर लागतो. दोन्ही चांगले. पण ही झाली इन्स्टॉल केलेल्या मॉड्सची सोय. मी लिहिलं होतं ते नुसत्या उतरवून ठेवलेल्या फाइलींबद्दल, आणि त्यातल्या बऱ्याच फाइलींना हे मॅनेजर ओळखतसुद्धा नाहीत. बस सिम्युलेटर इंडोनेशियाचा मॉड व्होर्टेक्समध्ये टाकून दाखवा बरं.

त्याच गेमचं उदाहरण घेऊ. मोबाइलवरचा हा गेम, पण आपल्याकडच्या पोरांनी त्यात लालपरी आणली, शिवशाही आणली, डेपोंच्या पाट्या लावल्या. यातले बरेच मॉड येतात कसे? यूट्यूबवर व्हिडिओ, खाली फाइल शेअरिंगची लिंक, झिपला पासवर्ड. आणि पासवर्ड व्हिडिओत मधेच कुठंतरी दोन सेकंद झळकतो, म्हणजे तुम्ही तो शेवटपर्यंत बघावा. पुढं कधीतरी चॅनेल बंद पडतं, व्हिडिओ जातो. झिप तुमच्याकडे शाबूत असते, फक्त उघडत नाही. कुठला मॅनेजर सांगणार तुम्हाला तो पासवर्ड?

म्हणून माझ्याकडे प्रत्येक झिपशेजारी नोटपॅडची एक फाइल असते. मॉड कुठून घेतला, कधी घेतला, कोणी बनवला, गेमच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो, सोबत दुसरं काय लागतं, पासवर्ड काय. बस. दोन मिनिटांचं काम आहे, पण उतरवल्या उतरवल्या करावं लागतं. महिन्याभरानं करू म्हटलं की यातलं अर्धं आठवत नाही. मेकरच्या पानाची पीडीएफही काढून ठेवतो, कारण इन्स्टॉल कसं करायचं ते पुष्कळदा तिथंच लिहिलेलं असतं, झिपमध्ये नसतं.

तुम्ही सहज लिहून गेलात की फाइलींना तुम्ही 'नवा मेनू', 'झाडं भारी' अशी स्वतःची नावं देता. भाऊ, हे मात्र करू नका. नेक्सस या मॉड्सच्या साइटवरून स्कायरिम स्पेशल एडिशनचा स्काययूआय हा मेनू बदलणारा मॉड उतरवला तर फाइलीच्या नावात १२६०४ हा आकडा असतो. तो त्या मॉडच्या पानाचा क्रमांक. उद्या नाव विसरलात तरी त्या आकड्यावरून पान सापडतं, नवी आवृत्ती आली का ते कळतं. 'नवा मेनू' वरून काय कळणार? मॉड ऑर्गनायझरच्या डाउनलोड फोल्डरातही प्रत्येक झिपसोबत त्याच नावाची डॉट मेटा फाइल असते. कचरा समजून लोक तीच आधी उडवतात, आणि मॉडचा क्रमांक, आवृत्ती वगैरे माहिती नेमकी तिच्यात असते.

'नेटवर पडलंच आहे' हे नेक्ससपुरतं बरंचसं खरं आहे. जुलै २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मॉडच्या फाइली यापुढे कायमच्या डिलीट होणार नाहीत, फक्त अर्काइव्ह होतील. पण ज्या मेकरांना ते पटलं नाही त्यांना आपल्या फाइली काढून घ्यायची मुदत दिली होती, आणि काहींनी काढल्याही. त्याच वर्षी जीटीए गेमची मालक कंपनी टेक-टूनं जुन्या जीटीएच्या कितीतरी मॉड्सवर कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या आणि नोव्हेंबरमध्ये तीन जुन्या जीटीए गेमची आपली नवी आवृत्ती बाजारात आणली. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या वर्कशॉपची, म्हणजे मॉड्सच्या विभागाची, तऱ्हा वेगळी. मेकरनं मॉड अपडेट केला की तुमच्याकडची जुनी प्रत न विचारता बदलते. नव्याचा फायदाच आहे ना, असं तुम्ही म्हणाल.

नेहमी नसतो, आणि आवृत्तीनुसार फोल्डर लावायचं कारण हेच. ११ नोव्हेंबर २०२१ ला स्कायरिमची ॲनिव्हर्सरी एडिशन आली, तेव्हा आधीच्या १.५.९७ साठी बनलेले स्क्रिप्ट एक्स्टेंडरचे (बरेच मॉड ज्यावर चालतात त्या जोड-प्रोग्रॅमचे) प्लगइन नव्या १.६ वर चालेनासे झाले. पुष्कळ जणांनी मुद्दाम जुनी आवृत्ती धरून ठेवली. त्यांना मॉडही जुनेच लागणार. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये तर हे सतत चालू असतं. १.४० मध्ये प्रकाशाची सगळी पद्धत बदलली. तिथं एक सोय आहे: स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून बीटा टॅबवर गेलं की जुन्या आवृत्त्या निवडता येतात. मला १.३९ वर खेळावंसं वाटलं तर आवृत्ती निवडतो, १.३९ चा फोल्डर उघडतो, काम झालं. तुमच्या 'गाड्या' फोल्डरात कोणती गाडी कोणत्या आवृत्तीची, हे एकेक टाकून, गेम क्रॅश करूनच शोधावं लागेल. शिवाय एखादा मोठा नकाशा स्वतःची वाहतूक, पाट्या, आवाज घेऊनच येतो. तो कुठं ठेवाल? प्रकार शोधायला मी एक्सेलमध्ये वेगळा कॉलम ठेवलाय, तिथं एका मॉडला तीन प्रकार लिहिले तरी अडत नाही.

मॉड्सचा क्रमही लिहून ठेवा. दोन मॉड एकच गोष्ट बदलत असतील तर कोणाचं चालणार ते क्रमावर ठरतं. मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या यादीत खालचा मॉड वरच्यावर मात करतो. युरो ट्रकमध्ये उलट, वरचा जिंकतो. दोन्ही गेम खेळणाऱ्याचं डोकं इथंच फिरतं.

डिस्कबद्दल एवढंच की जागा माझी, पैसे माझे. पण तुमच्याकडेही मोठा साठा असेल तर कॉपी झाल्यावर ७-झिप या प्रोग्रॅममध्ये फाइली निवडून 'टेस्ट' तेवढं चालवा. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर असतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कॉपी अर्धवट राहिलेली झिप यादीत अगदी धडधाकट दिसते. आणि पोर्टेबल डिस्क कूलरच्या झोतात ठेवू नका बाप्पा, थंड राहील म्हणून ठेवणारे पाहिलेत मी.

एक गोष्ट तुमची बरोबर. एकच गेम, चाळीस-पन्नास मॉड, सगळे नेक्ससचे, असं असेल तर यातलं काहीही करू नका. मॅनेजर पुरतो.

आता ती विनंती. 'तुमच्याकडे त्या जुन्या विदर्भ डेपोच्या लालपरीचा मॉड असेल तर ड्राइव्हची लिंक टाका, नेटवर आता कुठंच मिळत नाही.' (हे 'सगळं नेटवर पडलंच आहे' च्या खाली चार ओळींवर आहे, बाकीच्यांनी वाचून घ्यावं.) आहे माझ्याकडे, पासवर्डसकट. पण लिंक टाकणार नाही. सोबतच्या रीडमीत मेकरनं 'रीअपलोड करू नये' असं लिहिलंय आणि स्वतःचा मेल दिलाय. त्याला विचारतो. हो म्हणाला तर इथंच खाली कळवीन. तोवर तुमचा गेम कोणत्या आवृत्तीचा आहे तेवढं बघून ठेवा, तो मॉड नव्यावर चालत नाही.